शुक्रवारची मंडळी

दुबईच्या ऊद मेथा भागात सेंट मेरीज चर्च आहे. शुक्रवारी तिथे एकामागून एक मिस्सा होतात: इंग्रजी, मल्याळम, कोकणी, तमिळ, टागालोग, अरबी. मिस्सा संपली की बायकामुलांसह आलेले लोक गाड्यांकडे वळतात. मागे उरतात ती एकटी माणसं. मॉलमध्ये विक्रेता म्हणून लागलेला मुलगा, दवाखान्यातली नर्स, हॉटेलच्या किचनमधला मदतनीस, बांधकामावरचा फोरमन. त्यांना घाई नसते, कारण खोलीवर परतून बोलायचं कोणाशी? अशा वेळी त्यांच्याच वयाची चार-दोन मुलंमुली त्या गर्दीत फिरतात आणि नवा चेहरा दिसला की थांबतात. कधी आलास, कुठला, राहतोस कुठे, जेवलास का? मग हॉलमध्ये चहा, गिटारवर दोन भजनं आणि पुढच्या आठवड्याचं बोलावणं.

हे काम करणाऱ्यांना त्यांच्या मंडळात सरळ मिशनरी म्हणतात. त्यांतले बहुतेक जण फादर किंवा सिस्टर नसतात. दिवसा नोकरी करून उरलेला वेळ ते इथे देतात. मराठी वाचकाला मिशनरी म्हटलं की अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या शाळा आठवतात, नाहीतर मिरजेचं वान्लेस हॉस्पिटल. त्या धाटणीचं कामही अमिरातीत झालं. १९६० मध्ये पॅट आणि मेरियन केनेडी या अमेरिकन डॉक्टर दांपत्याने अल ऐनच्या ओअॅसिसमध्ये दवाखाना काढला. आसपास आधुनिक इलाज मिळण्याची दुसरी सोय नव्हती. पुढे राजघराण्यातली मुलंही तिथे जन्मली. पण चर्चच्या आवारातल्या या तरुणांचं कूळ वेगळं आहे. ते शाळा-दवाखान्यांच्या वाटेने आलेलं नाही. ते आलं कामासाठी घर सोडलेल्या पोरांच्या खोल्यांमधून, आणि त्यातला एक महत्त्वाचा मुक्काम आपल्या मुंबईत, धोबी तलावाला पडला.

सुरुवात लंडनची. सेंट पॉल कॅथीड्रलच्या परिसरात हिचकॉक अँड रॉजर्स नावाची कापडाची मोठी पेढी होती. गावाकडून आलेले शंभरावर तरुण नोकर दुकानाच्याच इमारतीत राहत, एकेका खोलीत दाटीवाटीने झोपत आणि दिवसाचे बारा-चौदा तास गज-कात्री हाताळत. कामाबाहेर त्यांना दोनच जागा खुल्या होत्या, दारूचा गुत्ता आणि रस्ता. जॉर्ज विल्यम्स हा सॉमरसेटच्या शेतकऱ्याचा मुलगा त्यांच्यातलाच एक. आपल्या खोलीत तो सोबत्यांना प्रार्थनेला बोलवू लागला. ६ जून १८४४ रोजी अशा बारा जणांनी मिळून यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन, म्हणजे वायएमसीए, स्थापन केली. विल्यम्स तेव्हा बावीस वर्षांचा होता. कुणा बिशपने हे काम त्याच्यावर सोपवलं नव्हतं. शेजारच्या खाटेवरचा माणूस एकटा आहे हे ज्याला दिसलं, त्याने ते अंगावर घेतलं. पुढचा सारा इतिहास याच गोष्टीवर उभा आहे असं मला वाटतं.

मुंबईत वायएमसीए १८७५ मध्ये आली. पण तिच्याही आधीपासून या शहरात गोवेकरांनी स्वतःची तजवीज करून ठेवली होती. तिला ते कूड म्हणत, म्हणजे खोली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पोर्तुगीज गोव्यातली तरुण मुलं बोटीवरच्या नोकरीसाठी मुंबईला येऊ लागली. स्वयंपाकी, स्टुअर्ड, बटलर अशी त्यांची कामं. दोन सफरींच्या मध्ये महिना-दोन महिने शहरात काढायचे, तर राहायचं कुठे? म्हणून गावोगावच्या लोकांनी धोबी तलाव, डाबूल, माझगाव भागांत आपापल्या गावाच्या नावाने क्लब काढले. जेर महाल या जुन्या इमारतीत असे क्लब अजूनही आहेत.

आतली मांडणी पाहण्यासारखी असते. एक मोठी खोली, भिंतीला लागून ओळीने ट्रंका, प्रत्येकीवर मालकाचं नाव किंवा नंबर. रात्री मधल्या मोकळ्या जागेत अंथरुणं पडतात आणि सकाळी गुंडाळली जातात. एका भिंतीशी वेदी असते आणि तिच्यावर गावच्या आश्रयदात्या संताची मूर्ती. संध्याकाळी वेदीपुढे सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची, हा कूडचा नियम. पत्ते बाजूला ठेवून, चूल मंद करून माणसं गुडघे टेकत. भाडं अगदी थोडं. बोट मिळेपर्यंत बसून राहिलेल्याला गाववाले सांभाळून घेत, घरची पत्रं याच पत्त्यावर येत आणि गावच्या फेस्ताच्या, म्हणजे संताच्या सणाच्या, दिवशी इथेही फेस्त होई. धर्मगुरू अधूनमधून येई. रोजची प्रार्थना चालवणारा मात्र बोटीवर भांडी घासून आलेला कुणी वयस्क तारवटी, म्हणजे खलाशी, असे.

धर्माच्या इतिहासात कूडला फार कोणी जागा देत नाही. खलाशांची स्वस्त धर्मशाळा म्हणून तिची नोंद होते आणि विषय संपतो. हा तिच्यावर अन्याय आहे. अठरा वर्षांच्या पोराला बंदराच्या शहरात दारू, कर्ज आणि एकटेपणा यांपासून राखायचं कसं, याचं रोज चालणारं उत्तर तिने शोधलं होतं. तिने उपदेश केला नाही. तिने अंथरूण दिलं, ट्रंकेला जागा दिली आणि दिवसातून एकदा शेजाऱ्याबरोबर गुडघे टेकायला लावलं.

युरोपात हेच सूत्र जोसेफ कार्डाइन या बेल्जियन धर्मगुरूने नीट मांडलं. त्याने १९२५ मध्ये तरुण ख्रिस्ती कामगारांची संघटना उभी केली. कामगारांमध्ये सुवार्ता नेणारा कामगारच हवा, असा त्याचा आग्रह होता. धोबी तलावाच्या तारवट्याला हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

आता आखात. मुंबईहून ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी कराची, मस्कत, दुबई, बहरीन करत बसऱ्यापर्यंत जात. त्यांतली शेवटची ‘द्वारका’ १९८२ मध्ये थांबली. या बोटींवर गोवेकर नोकर होते आणि पुढे प्रवासीही. अबू धाबीत १९५८ मध्ये तेल लागलं, दुबईत १९६६ मध्ये, आणि माणसांची मागणी वाढतच गेली. अबू धाबीचे शासक शेख शखबूत यांनी दिलेल्या जागेवर १९६५ मध्ये सेंट जोसेफ चर्च उभं राहिलं. दुबईत शेख रशीद बिन सईद अल मक्तूम यांनी जमीन दिली. एउसेबियो दावेरी या इटालियन कापुचिन धर्मगुरूने १९६७ मध्ये तिथे सेंट मेरीज उघडलं. आजची मोठी इमारत १९८९ ची.

जमीन राज्यकर्त्यांनी दिली, त्याबरोबर मर्यादाही आखून दिली. चर्चच्या आवारात उपासना मोकळी आहे. आवाराबाहेर धर्मप्रचार करता येत नाही आणि मुसलमानांमध्ये धर्मप्रसार करणं हा गुन्हा आहे. मुस्लिमेतर प्रार्थनास्थळांसाठी २०२३ मध्ये केंद्रीय कायदाही झाला. दारोदार फिरणारा, पत्रकं वाटणारा मिशनरी इथे संभवतच नाही. याला मी केवळ अडचण मानत नाही. बाहेरची वाट बंद असल्यामुळे मंडळींना आपल्याच लोकांकडे वळून पाहावं लागलं. बाप्तिस्मा झालेला, घरून रोझरी घेऊन आलेला, पण वर्षभर चर्चकडे न फिरकलेला मुलगा हेच इथलं मिशनक्षेत्र.

असे मुलगे आणि मुली तिथे इतक्या का, याला व्हिसाचं कारण आहे. कुटुंब आणायचं तर महिन्याला किमान ४,००० दिरहम पगार हवा, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय. त्याहून कमी कमावणारा लग्न होऊनही एकटाच राहतो. घरांच्या जाहिरातींत ‘फक्त फॅमिली’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. बाकीच्यांच्या वाट्याला बेडस्पेस. एका खोलीत दुमजली खाटा, खालच्या खाटेला दोरी बांधून लावलेला पडदा, खाटेखाली सुटकेस. कूडच्या ट्रंकेची ही आजची वंशज. फरक एवढाच की इथे शेजारचा माणूस गाववाला नसतो आणि भिंतीशी वेदी नसते. संध्याकाळच्या रोझरीची वेळ कुणीच ठरवलेली नसते.

ही उणीव भरून काढायला दोन चळवळी आल्या आणि दोन्ही आशियातल्या. पहिली मनिलाची. १९८१ मध्ये ‘कपल्स फॉर ख्राइस्ट’ नावाने काही विवाहित जोडप्यांनी एकत्र प्रार्थना सुरू केली. बारा वर्षांनी, १९९३ मध्ये, त्यांच्या लक्षात आलं की बिनलग्नाच्या कमावत्या तरुणांना या चौकटीत जागा नाही, आणि ‘सिंगल्स फॉर ख्राइस्ट’ ही शाखा निघाली. मनिलाहून नर्सिंग, हॉटेल, दुकानं अशा नोकऱ्यांसाठी जो आखातात आला त्याने ती सोबत आणली. दहाबारा जणांचा गट, दर आठवड्याला भेट, आणि डोक्यावर एखादं अनुभवी जोडपं. दुसरी केरळची, ‘जीझस यूथ’. १९८५ मधल्या मोठ्या युवा मेळाव्याला तिला हे नाव मिळालं आणि मल्याळी नर्सेस व इंजिनिअरांबरोबर ती आखातात पोचली. २० मे २०१६ रोजी व्हॅटिकनने तिला आंतरराष्ट्रीय संघटना म्हणून मान्यता दिली. तिच्यातले काही तरुण नोकरी बाजूला ठेवून आयुष्यातलं एक वर्ष पूर्णवेळ सेवेला देतात. मल्याळी मुलं गावाकडच्या ओळखीने येतात, पण गटात कोकणी, मंगळुरी, वसईची मुलंही सामावतात. एकमेकांच्या भाषेतली भजनं शिकतात. गावाच्या नावाने उभ्या राहिलेल्या कूडला हे जमलं नव्हतं. इथे ते जमतं, आणि हे मला या साऱ्या कुळकथेतलं सर्वांत मोठं पाऊल वाटतं.

इतर पंथांचीही अशी धडपड आहे. ऊद मेथातल्याच अँग्लिकन होली ट्रिनिटी चर्चच्या आवारात अनेक भाषांच्या छोट्या मंडळ्या वेळ वाटून घेऊन भरतात. मॉर्मन चर्चमध्ये अविवाहित तरुणांचे गट वेगळे असतात आणि निवृत्त जोडपी मिशनरी म्हणून त्यांच्यात राहायला जातात, मुलांना जेवायला घालतात, त्यांचं ऐकून घेतात. दुबईत मंदिर बांधण्याची घोषणा या चर्चने २०२० मध्ये केली.

या कामात शिकवण्यापेक्षा निस्तरणं अधिक. कोणी एजंटचं कर्ज फेडतो आहे, कुणाची नोकरी गेली आणि व्हिसाचे दिवस मोजकेच उरलेत, कुणाच्या घरी लग्नाची घाई आहे आणि मुलाच्या हातात पैसा नाही. गटातला कोणी सीव्ही नीट करून देतो, कोणी आपल्या कंपनीत शब्द टाकतो. आजारी पडलेल्याला दवाखान्यात रात्री बसायला माणूस मिळतो. प्रार्थना या सगळ्याच्या आधी होते आणि नंतरही. ती वेगळी काढून दाखवता येत नाही.

१ जानेवारी २०२२ पासून अमिरातीने आठवड्याची सुट्टी शनिवार-रविवार केली आणि शुक्रवार अर्ध्या दिवसाचा झाला. इतकी वर्षं शुक्रवारीच रविवार साजरा करणाऱ्यांना पुन्हा रविवार मिळाला. तरी दुकानं, हॉटेलं, बांधकामं यांतल्या मुलांची सुट्टी मालकाच्या सोयीने पडते, म्हणून शुक्रवारच्या मिस्सा आणि शुक्रवारचे गट चालूच आहेत.

५ फेब्रुवारी २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अबू धाबीच्या झायेद स्पोर्ट्स सिटीत मिस्सा अर्पण केली तेव्हा सुमारे १,८०,००० माणसं आली. जगाने त्या दिवशी आखातातली ख्रिस्तसभा पाहिली. पण त्या गर्दीतही न आलेली एक मोठी जमात आहे: घरकाम करणाऱ्या मुली. कायद्याने त्यांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी आहे, तरी कित्येकींना ती हातात पडत नाही, आणि परक्या घरच्या दारावर कुठलाही गट जाऊन उभा राहू शकत नाही. त्यांच्यापर्यंत पोचते ती शेजारच्या घरी काम करणारी आणि महिन्यातून एकदा तरी मिस्सेला येऊ शकणारी दुसरी मुलगी. गटातल्या मुलींनी म्हणून तिलाच हाताशी धरलं आहे. तिला फोन नंबर देतात, प्रार्थनेचं छोटं पुस्तक देतात, आणि ती परत आली की आधी घरात अडकलेल्या त्या मुलीची चौकशी करतात.