परमुलखात आपला कागद

१९९९ सालची गोष्ट आहे. माझी भाची इटलीला निघाली होती. जावई वर्षभर आधीच तिकडे नोकरीवर रुजू झाले होते. आता तिला आणि तीन वर्षांच्या मुलाला त्यांच्याकडे जायचे होते. त्यासाठी मुलाचा जन्मदाखला हवा होता, आणि तोही तिकडच्या सरकारला चालेल असा. ‘मामा, एवढं काम तू बघशील का?’ असे ती म्हणाली. मी इतिहासाचा शिक्षक, नुकताच निवृत्त झालेला. हाताशी वेळ होता, म्हणून ‘हो’ म्हणालो. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असे आपल्याकडे म्हणतात. मला साडेचार महिने लागले.

त्या काळी रीत अशी होती. नगरपालिकेच्या दाखल्यावर राज्य शासनाचा शिक्का घ्यायचा, त्यावर दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा आणि सर्वांत शेवटी त्या देशाच्या वकिलातीचा. या साखळीतल्या प्रत्येकाला फक्त आपल्या आधीच्याची सही ओळखीची. वकिलातीला आपला निबंधक ठाऊक नाही, पण दिल्लीचा अधिकारी ठाऊक आहे. दिल्लीला निबंधक ठाऊक नाही, पण राज्याचा अधिकारी ठाऊक आहे. अशी ही ओळखीची उतरंड.

रांगेत उभा असताना मला आपले जुने महजर आठवत. वतनाचा तंटा मिटला की निवाड्याच्या कागदावर गावकऱ्यांच्या साक्षी पडत. ज्यांना अक्षर येत नसे ते आपल्या धंद्याची निशाणी काढत. पाटलाच्या नावापुढे नांगर, शेट्याच्या नावापुढे तराजू. गावात त्या नांगराला केवढा मान! कारण तो कोणी काढला हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असे. पण तोच कागद समुद्रापार गेला तर तो नांगर कोणाचा, हे कोण सांगणार? परदेशी कागदाची सगळी अडचण या एका प्रश्नात सामावली आहे.

युरोपातल्या व्यापारी राष्ट्रांना हा प्रश्न फार लवकर पडला. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६८१ साली सागरी व्यवहारांचा एक मोठा कायदा जारी केला. त्याच वर्षाच्या जानेवारीत इकडे रायगडावर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला होता. त्या फ्रेंच कायद्यात एक कलम असे होते की, जिथे फ्रान्सचा वकील आहे अशा परदेशात झालेला दस्तऐवज त्या वकिलाने प्रमाणित केल्याशिवाय फ्रान्समध्ये ग्राह्य धरला जाणार नाही. युक्ती सोपी होती. दूरदेशीच्या कारकुनाची सही फ्रान्समधल्या न्यायाधीशाला माहीत नसली, तरी आपल्या वकिलाची माहीत असते.

जहाजांवरून मोजके व्यापारी ये-जा करत होते तोवर हे चालले. विसाव्या शतकात मात्र माणसे लाखांनी देश बदलू लागली. कोणी शिकायला, कोणी नोकरीला, कोणी लग्न होऊन. प्रत्येकाच्या पिशवीत जन्माचा, लग्नाचा, पदवीचा कागद, आणि प्रत्येक कागदामागे ही शिक्क्यांची वारी.

यावरचा तोडगा नेदरलँड्समधल्या हेग शहरात निघाला. टोबियास आसेर या डच कायदेपंडिताच्या पुढाकाराने १८९३ साली तिथे एक परिषद भरली होती. निरनिराळ्या देशांच्या खासगी कायद्यांचा मेळ घालणे हा तिचा हेतू. आसेर यांना १९११ साली शांततेचे नोबेल पारितोषिकही मिळाले. याच परिषदेच्या परंपरेत ५ ऑक्टोबर १९६१ रोजी एक करार झाला आणि २४ जानेवारी १९६५ पासून तो अमलात आला. त्याचे सूत्र एका वाक्यात सांगता येईल. ज्या देशाचा कागद, त्याच देशाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने त्याला एक प्रमाणपत्र जोडावे आणि बाकीच्या सदस्य देशांनी ते मानावे. वकिलातीची पायरी गेली.

या प्रमाणपत्राला ‘अपोस्तिल’ म्हणतात. समासात लिहिलेली टीप, असा या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ. प्रमाणपत्राचा आकारही करारात ठरला आहे. किमान ९ सेंटिमीटर बाजूचा चौकोन, त्यात क्रमांक घातलेल्या १० बाबी आणि मथळा मात्र फ्रेंचमध्येच. दिलेल्या प्रत्येक अपोस्तिलची नोंद त्या अधिकाऱ्याने ठेवायची. कोणाला शंका आली तर क्रमांक कळवून खातरजमा करता येते.

पण हा चौकोन नेमके काय सांगतो? सही कोणाची, ती कोणत्या हुद्द्याने केली आणि शिक्का खरा आहे का, एवढेच. कागदातला मजकूर खरा आहे, असे तो कुठेही म्हणत नाही. पुष्कळ शिकलेल्या माणसांचाही इथे घोटाळा होतो.

भारताने २००४ साली हा करार स्वीकारला आणि १४ जुलै २००५ पासून तो आपल्याकडे लागू झाला. जर्मनीसारख्या काही देशांनी मात्र भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली. तशी मुभा करारातच आहे. हरकत घेणाऱ्या देशाशी तेवढ्यापुरता करार लागू होत नाही. ते वाचून मला वाईट वाटले, पण एक गोष्टही उमगली. शिक्का कायद्याने मिळतो, विश्वास मात्र कमवावा लागतो. आज या करारात सव्वाशेहून अधिक देश आहेत. सौदी अरेबियात तो डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला, चीनमध्ये ७ नोव्हेंबर २०२३ रोजी आणि कॅनडात ११ जानेवारी २०२४ रोजी. संयुक्त अरब अमिराती मात्र २०२४ साल संपले तरी त्यात नव्हती. त्यामुळे कोकणातून दुबईला निघालेल्या आमच्या कितीतरी पोरांच्या नशिबी वकिलातीची पायरी राहिलीच.

आता माझ्या साडेचार महिन्यांचा हिशेब सांगतो. दिल्ली आणि वकिलात मिळून तीन आठवड्यांत काम झाले. बाकीचा सगळा वेळ गेला तो घराजवळ. दुसऱ्याच पायरीवर कागद परत आला होता. कारण दाखल्यावर आईचे नाव होते, वडिलांचे होते, पण मुलाच्या नावाचा रकाना कोरा! घरात कोणाचे तिकडे लक्षच गेले नव्हते. प्रसूतिगृहाने जन्म कळवला तिसऱ्या दिवशी आणि आपले बारसे बाराव्या दिवशी. पाळण्यात ठेवलेले नाव सगळ्या आळीला कळले, नोंदवहीला कोणी कळवलेच नाही. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात असे नाव मागाहून भरण्याची सोय आहे. ते भरून घ्यायला, नव्या दाखल्यावर नव्या निबंधकाची सही मिळवायला आणि त्या सहीचा नमुना वरच्या कचेरीत पोचवायला चौथा महिना उजाडला.

अखेर माय-लेक तिकडे पोचले. विमानतळावर मुलाने बापाला ओळखले नाही, तो आईच्या मागे लपला, असे भाचीने पत्रात लिहिले होते. कागदाची ओळख पटली, तोवर माणसाची पुसट झाली होती.

आज शिक्क्यांची वाट पुष्कळ सोपी झाली आहे, पण ती जिथून निघते ती जागा बदललेली नाही. उलट १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखल्याचे महत्त्व आणखी वाढवले आहे. तेव्हा घरात बाळ आले असेल तर बारशाच्या पेढ्यांबरोबर एक फेरी नगरपालिकेतही मारा. तो रकाना कोरा नाही ना, नाव बिनचूक आहे ना, एवढे आपल्या डोळ्यांनी पाहून या. परमुलखात आपल्या कागदाला किती मान मिळेल, हे त्या नोंदवहीच्या एका ओळीवर ठरते.