ट्रिगरच्या आधीचं काय?

11 डिसेंबर 1967 ची पहाट. कोयनेचा तो हादरा गडमुडशिंगीतल्या जाणत्या मंडळींना आठवत असेल. धरणाच्या गॅलरीतलं प्रवेगमापक एरवी झोपलेलं असायचं. हादऱ्यानंच त्याला जाग यायची. नोंद मोलाची मिळाली, पण अगदी सुरुवातीचा क्षण निसटला.

डिजिटल सर्किटवाल्यांचीही हीच अडचण होती: बिघाड दिसायचा, त्याच्या आधीचं काही नाही. 1973 साली ह्युलेट-पॅकार्डचा 5000ए लॉजिक ॲनालायझर आला. यात गंमत अशी, की मेमरी सतत भरते, जुनं पुसलं जातं. ट्रिगरची खूण, समजा चार तारांवर 1011, दिसली की ठरलेले नमुने घेऊन यंत्र थांबतं. म्हणजे ट्रिगर नोंद सुरू करत नाही, थांबवतो! कारण शोधायचंय? मग खूण मेमरीच्या शेवटाकडे ठेवा. सुरुवातीला ठेवलीत, तर पुन्हा कोयनाच.