हजरतगंजमधलं विलायती गाव

मागच्या भागात आपण लखनौची रेसिडेन्सी पाहिली. आज तिथून जवळच्या हजरतगंजात जाऊ. लोक इथे खरेदीला येतात, पण आपण पाहणार आहोत इथलं क्राइस्ट चर्च.

आधी एक शब्द समजून घेऊ : पॅरिश. एक चर्च आणि त्याच्या हद्दीतली वस्ती, म्हणजे पॅरिश. इंग्लंडातल्या खेड्याचा कारभार शतकानुशतकं याच चौकटीत चालला. शेतकरी उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देई. १५३८ पासून बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद पाद्र्याच्या वहीत होऊ लागली. १६०१ च्या कायद्याने गोरगरिबांना पोसणंही पॅरिशवर आलं. गावकरी पाद्र्यासोबत शिवेवरून फिरत आणि हद्दीचे दगड काठ्यांनी बडवत. त्यामुळे पोरासोरांनाही गावाची शीव पाठ होई.

ही चौकट घेऊन इंग्रज लखनौला आला. रेसिडेन्सीतलं त्याचं सेंट मेरी चर्च १८५७ च्या वेढ्यात उद्ध्वस्त झालं. मार्च १८५८ मध्ये शहर परत घेतल्यावर त्याने प्रार्थनेसाठी हजरतगंजातला सिब्तैनाबाद इमामबाडा वापरला. हा नवाब अमजद अली शाह यांचा मकबरा. त्यांना लोक ‘हजरत’ म्हणत, त्यावरूनच हजरतगंज. म्हणजे ज्याच्या नावाचा बाजार, त्याच्याच कबरीपाशी जेत्यांची उपासना! १८६० मध्ये क्राइस्ट चर्च उभं राहिलं, ते १८५७ मध्ये मेलेल्या इंग्रजांचं स्मारक म्हणून. भिंतींवर त्यांच्या नावांच्या पितळी पाट्या आहेत.

आता फौजी माणूस म्हणून सांगतो. आपल्या गावात देवळापाशी वीरगळ असते. इंग्लंडातल्या खेड्यात चर्चपाशी महायुद्धात पडलेल्यांची नावं कोरलेली असतात. दोन्हीकडे दगडातला माणूस गावचाच असतो. हजरतगंजात नावं राहिली, त्यांचं गाव मात्र १९४७ नंतर उठून गेलं. वेढ्यात दोन्ही बाजूंनी हिंदी शिपाई लढले आणि मेले. हे स्मारक त्यांच्यासाठी नव्हतं.

तरी चर्च ओस पडलं नाही. १९७० मध्ये आपल्या नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, आज हे चर्च त्यात आहे. बाकांवर बसतात ती लखनौचीच माणसं. त्या पाट्या त्यांनी काढल्या नाहीत. मेलेल्या शत्रूचं नाव पुसू नये, ही शिस्त मला सैन्यात शिकवली गेली. इथे ती साध्या नागरिकांनी पाळली आहे. आपल्या शिपायांची नावं शोधून लिहिणं, हे काम मात्र आपलं आहे.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.