वेदी गेली, ताट राहिलं

शिरूर अनंतपाळहून बोलतोय. आजचा प्रश्न असा : ज्या धर्मात बळी फक्त एकाच मंदिरात द्यायचा, ते मंदिरच पाडलं तर मागं काय उरतं?

प्राचीन इस्राएलात अर्पणांचे पाच मुख्य प्रकार होते. होमार्पणात कातडं सोडून सगळं जनावर जाळायचं. शांत्यर्पणात चरबी वेदीवर, काही वाटा याजकाला आणि उरलेलं मांस घरच्यांनी मिळून खायचं. पापार्पण आणि दोषार्पण चुकांसाठी. पाचवं अन्नार्पण, त्यात रक्त नाही. पीठ, तेल आणि ऊद. गरिबाला दोन पारवेही परवडत नसतील, तर पापार्पणालासुद्धा नुसतं पीठ चालायचं.

सण शेतीला बांधलेले. वल्हांडणाच्या दिवसांत जवाची पहिली पेंढी, सात आठवड्यांनी नव्या गव्हाच्या भाकरी, सुगी उरकली की मांडवांचा सण. आपण वेळा अमावस्येला कडब्याची कोप करून शेतात जेवतो ना, तसे ते सात दिवस मांडवात राहायचे. कारण मात्र वेगळं : मिसरमधून सुटल्यानंतरची भटकंती आठवायची.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि बळी थांबले. पुढं प्रार्थनेनं त्यांची जागा घेतली.

याचा एक धागा आपल्या कोकणात सापडतो. तिथले बेने इस्राएल तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेला त्यांचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. त्यात सणांची नावं अस्सल मराठी आहेत : नव्याचा सण, खिरीचा सण. मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस तर चक्क 'बिरड्याचा सण', कारण उपास वालाच्या बिरड्यावर सुटायचा!

आणि मलिदा. पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं यांचं ताट मांडून एलियाहू हन्नाबीचं नाव घ्यायचं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला, त्याचा रथ जिथून स्वर्गात गेला असं मानतात, त्या खडकापाशी नवस फेडायला आजही लोक येतात.

मला वाटतं, टिकलं ते गरिबाचं अर्पण. बैल-मेंढ्यांना वेदी लागते, मूठभर धान्याला घर पुरतं. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. मलिद्याचं ताट त्यांनी सोबत नेलं. ज्या देशातून बळी संपले, तिथं आता कोकणचे पोहे अर्पण होतात.

भेटू पुढच्या भागात.