खरेदीखतातली अट

घर घेतलं म्हणजे काय घेतलं, हे आम्हाला पहिल्या पावसातच कळलं. १९७९ च्या एप्रिलमध्ये किल्ल्या हाती आल्या आणि मे महिन्यात बेसमेंटमध्ये घोटाभर पाणी! देशात असतो तर गवंड्याला निरोप धाडला असता आणि तो येईपर्यंत त्याच्या नावाने खडे फोडले असते. इथे कोणाला बोलावणार? आम्ही दोघं बादल्या उपसत असताना शेजारचे म्हातारे गृहस्थ न बोलावता आले, आपल्या घरचा पंप लावून दिला, खड्डा कुठे खणायचा ते दाखवलं आणि चहासुद्धा न घेता गेले. त्याच आठवड्यात आमच्याकडे हत्यारांची पेटी आली.

पुढचं पुराण मंडळातल्या बहुतेकांना पाठ असेल. टू-बाय-फोर म्हणून आणलेली लाकडी पट्टी घरी येऊन मोजली तर दीड बाय साडेतीन. दुकानदाराने फसवलं म्हणून तावातावाने परत गेलो. लाकूड वाळवून, रंधा मारून एवढंच उरतं, सगळ्या देशात हेच माप, असं त्याने शांतपणे समजावलं. आमचं मॉर्गेज साडेदहा टक्क्यांचं, तेव्हा फार वाटायचं. १९८१ च्या शरद ऋतूत घर घेणाऱ्या मित्रांना अठरा टक्क्यांच्या वर मोजावे लागले, तेव्हा आम्ही गप्प बसलो. फोडणीचा धूर बाहेर काढायला भिंतीत भोक पाडलं, ड्रायवॉल चढवला, बेसमेंटमध्ये गणपतीचं मखर ठेवायला फळ्या मारल्या. ज्या घरात खिळा ठोकायलाही सुतार यायचा, तिथली आम्ही मुलं. हातात हातोडी धरायला इथे शिकलो, आणि या गोष्टीचा आम्हाला अजूनही थोडा गर्व आहे.

गेल्या वर्षी डेक कुजला म्हणून नवा बांधायला घेतला. परमिटसाठी हद्दीचा पुरावा हवा, म्हणून काउंटीच्या कचेरीतून घराचे सगळे जुने कागद काढले. त्यात १९४१ चं, घर पहिल्यांदा विकलं गेलं तेव्हाचं खरेदीखत होतं. कुंपणाची उंची, कोंबड्या पाळायच्या नाहीत, वगैरे अटी वाचता वाचता एका कलमाशी थांबलो. कॉकेशियन वंशाखेरीज कोणीही या जागेत राहू नये, घरकामाला ठेवलेले नोकर सोडून, असा त्याचा अर्थ. जेवणाच्या टेबलावर ते दोनदा मोठ्याने वाचलं. ज्या घरात आमची मुलगी रांगली, त्या घरात मूळ कागदाप्रमाणे आम्हाला फक्त भांडी घासायला येता आलं असतं!

हा एखाद्या बिल्डरचा खडूसपणा, असं आधी वाटलं. पण अशा अटी देशभर होत्या. घरकर्जाची हमी घेणाऱ्या एफएचए या सरकारी खात्याने १९३८ च्या आपल्या नियमपुस्तकात त्यांची शिफारसच केली होती.

आणि कॉकेशियन म्हणजे तरी कोण? हाच प्रश्न भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टापुढे आला होता. शास्त्राप्रमाणे हिंदी माणूस कॉकेशियन ठरत असेलही, पण सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे तो गोरा नव्हे, असं कोर्टाने फेब्रुवारी १९२३ मध्ये ठरवलं. म्हणजे नागरिकत्व नाही. कॅलिफोर्नियात १९१३ पासून असा कायदा होता की ज्याला नागरिक होता येत नाही, त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. एका निकालाने दोन्ही दारं बंद.

थिंद यांच्या वकिलांत एक होते सखाराम गणेश पंडित. नाव वाचून आपल्या गल्लीतले वाटतात, जन्म मात्र अहमदाबादचा. १९१४ साली लॉस एंजेलिसला ते नागरिक झाले, मग वकील झाले, अमेरिकन बाईशी लग्न केलं, घर केलं. थिंद निकालानंतर सरकारने त्यांचंही नागरिकत्व रद्द करायला दावा लावला. पंडित स्वतःच लढले. तुमच्या कोर्टाने दिलेल्या कागदावर विसंबून मी इथे सगळं आयुष्य उभं केलं, आता तो कागद खोटा म्हणता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा. १९२६ मध्ये अपील कोर्टात ते जिंकले. १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचं म्हणणं ऐकायला घेतलं नाही, आणि इतरांवरचे तसे दावेही सरकारने सोडून दिले.

सगळ्यांच्या नशिबी हे नव्हतं. पेशावरहून १९१५ मध्ये आलेल्या वैष्णोदास बगाई यांनी बर्कलीत घर घेतलं. सामान घेऊन कुटुंब पोचलं तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप ठोकलेलं. पुढे मिळालेलं नागरिकत्वही थिंद निकालाने गेलं, आणि १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला. त्यांच्या पत्नी कला यांचं नाव बर्कलीने २०२० साली एका रस्त्याला दिलं.

१९४६ च्या कायद्याने आपल्या लोकांना नागरिकत्व खुलं झालं. १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा वंशाच्या अटी कोर्टाकरवी अमलात आणता येणार नाहीत. तरी घर नाकारणं चालूच राहिलं, ते बेकायदा ठरायला १९६८ चा फेअर हाउसिंग कायदा यावा लागला. आपल्याला इथे आणणारा इमिग्रेशन कायदा १९६५ चा. म्हणजे आपली पहिली मंडळी व्हिसा घेऊन उतरली तेव्हा घर विकायला नकार देणाऱ्याला या देशाच्या कायद्याने अजून हात लावलेला नव्हता. आम्ही तर समजत होतो की डिग्री, नोकरी आणि डाउन पेमेंट एवढ्यावर घर मिळालं!

तो कागद वाचल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही. शेजारच्या त्या गृहस्थांचं घर आमच्याच रांगेतलं, आमच्याच वर्षाचं, आणि ते त्यात पहिल्यापासून राहत होते. त्यांच्या खरेदीखतातही हीच अट असणार. त्यांनी ती वाचली होती का? वाचून सही केली होती का? ते जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा पंप आम्ही परत केला होता, पण त्यांनी दिलेला पाना अजून आमच्याच पेटीत आहे.

हल्ली अनेक राज्यांत अर्ज करून हे कलम रद्दबातल म्हणून नोंदवता येतं. आमच्याकडेही येतं. यावर घरात एकमत नाही. मुलगी म्हणते, पुसून टाका, घर विकायची वेळ येईल तेव्हा पुढच्याच्या हातात हे पडायला नको. आमच्यातल्या एकाला तेच पटतं. दुसऱ्याचं म्हणणं, पुसलं तर पुढच्याला कळणार कसं? अर्ज भरून फ्रिजवर लावला आहे, सही बाकी आहे. डेकचं परमिट मात्र आलं.