अर्धपोटी माणसाचं गणित

दौंडहून मनमाडला जाणारी रेल्वे नगर जिल्ह्याच्या मधून जाते. विसापूर, सारोळा, वांबोरी, राहुरी, पुणतांबा अशी स्टेशनं घेणारा हा मार्ग १८७८ साली सुरू झाला. त्याच्या भरावाची माती बऱ्याच अंशी दुष्काळी कामावरच्या मजुरांनी डोक्यावरून वाहिली आहे. १८७६ साली दख्खनच्या बहुतेक भागात पावसाने दगा दिला. बाजरी हातची गेली, रब्बीची पेरणी अनेक ठिकाणी झालीच नाही. पुढच्या दोन वर्षांत ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून जास्त माणसं मेली. हा अंदाज सरकारनेच नेमलेल्या दुष्काळ आयोगाचा.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, आकड्यांवर पोट भरतो. मात्र ह्या दुष्काळाबद्दल वाचताना मी जिथे अडलो तो आकडा अगदी लहान होता: दिवसाला एक पौंड धान्य.

१८७७च्या जानेवारीत व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने सर रिचर्ड टेंपलला मद्रास आणि मुंबई इलाख्यांतल्या दुष्काळी कामांच्या पाहणीसाठी पाठवलं. टेंपल हा दुष्काळाला नवखा नव्हता. १८७३-७४ साली बिहारमध्ये त्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून लोक जगवले होते आणि उधळपट्टी केली म्हणून इंग्लंडमध्ये शिव्याही खाल्ल्या होत्या. ह्या खेपेला हात आखडूनच तो निघाला. त्याच्या सूचनेवरून ठरलेली मजुरी इतिहासात 'टेंपल वेज' म्हणून ओळखली जाते. गडीमाणसाला दिवसाला एक पौंड धान्य किंवा त्याची बाजारभावाने होणारी किंमत, आणि वर अर्धा आणा. त्या अर्ध्या आण्यात मीठ, मिरची, डाळ, सरपण सगळं बसवायचं.

हिशोब करायला कागदसुद्धा लागत नाही. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. बाजरी किंवा ज्वारीच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण ३५० कॅलरी असतात. म्हणजे दळणात काही वाया गेलं नाही असं धरलं तरी दिवसाला १६००च्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या पुरुषाची गरज २११० कॅलरी आहे आणि अंगमेहनत करणाऱ्याची ३४७०. खडी फोडणारा, माती वाहणारा माणूस अर्ध्या इंधनावर चालवायचा, असं ते गणित होतं.

ते गणित कुणाच्या लक्षात आलं नाही असंही नाही. मद्रास इलाख्याचा सॅनिटरी कमिशनर डॉ. विल्यम कॉर्निश ह्याने लगेच हरकत घेतली. त्याचं म्हणणं साधारण असं होतं: एवढ्या अन्नावर माणूस उद्या मरणार नाही, पण तो हळूहळू झिजत जाईल, आणि झीज एका मर्यादेपलीकडे गेली की मग त्याला पोटभर वाढूनही उपयोग होणार नाही. टेंपल आणि कॉर्निशचा हा वाद महिनोन्महिने कागदोपत्री चालला. मे १८७७मध्ये मद्रास सरकारने मजुरी वाढवली. त्याच मद्रासमध्ये डॉ. अलेक्झांडर पोर्टर ह्याने दुष्काळात मेलेल्यांची शवविच्छेदनं केली. १८८९ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात आक्रसलेल्या अवयवांच्या आणि झिजून पातळ झालेल्या आतड्यांच्या नोंदी आहेत. कॉर्निश जे सांगत होता त्याचा हा पुरावा. अन्न पचवणारं यंत्रच झिजलं असेल तर अन्न जाणार कुठे?

इकडे मुंबई इलाख्यात मजुरांनी स्वतःच्या पद्धतीने उत्तर दिलं. मजुरी उतरल्यावर हजारो लोक कामं सोडून निघून गेले. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या मागे उभी राहिली. सभेने गावोगावची माहिती गोळा केली आणि सरकारकडे अर्ज धाडले. नगरला मिस फेरार ह्यांच्याकडे शिक्षिकेचं शिक्षण घेतलेल्या सावित्रीबाई फुले तेव्हा जुन्नर भागात होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी तिथल्या दुष्काळाची स्थिती कळवली आहे.

आणि सरकारी बाजूने ह्या निघून जाण्याचा अर्थ काय लावला गेला? लोक काम सोडून जाऊ शकतात, म्हणजे त्यांना मदतीची तेवढी गरज नव्हती. जे कामावर राहिले त्यांचं काम नेमून दिलेल्या मापात भरलं नाही की तो आळस. मग मजुरी कापायची. मजुरी कापली की अन्न आणखी कमी, अन्न कमी की काम आणखी कमी. आमच्या धंद्यात ह्याला अडकलेलं लूप म्हणतात. पण आम्ही निदान प्रोग्रामला आळशी म्हणत नाही.

मला ह्या सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. उपाशी शरीर जी लक्षणं दाखवतं ती बघणाऱ्याला स्वभावाचे दोष वाटतात. मंदपणा, चिडचिड, टाळाटाळ, अन्नावर डोळा. पोट भरलेला माणूस ती लक्षणं आजार म्हणून वाचतच नाही.

ती आजार म्हणून वाचायला १९४४ साल उजाडावं लागलं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला युरोपात लाखो लोक उपाशी होते आणि त्यांना परत माणसात कसं आणायचं हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज ह्या शास्त्रज्ञाने त्यासाठी एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरायला तत्त्व म्हणून नकार दिलेले ३६ धडधाकट तरुण स्वेच्छेने त्यात उतरले. पहिले बारा आठवडे पोटभर जेवण, दिवसाला सुमारे ३२०० कॅलरी. मग चोवीस आठवडे अर्धपोटी. त्या चोवीस आठवड्यांची सरासरी होती सुमारे १५७० कॅलरी. टेंपलच्या पौंडाच्या इतक्या जवळ, की पहिल्यांदा वाचताना मी आकडा पुन्हा तपासला.

ह्या तरुणांना कुणी खडी फोडायला लावत नव्हतं. आठवड्याला बावीस मैल चालायचं, बाकी राहायला गरम खोल्या आणि देखरेखीला डॉक्टर. तरी सहा महिन्यांत त्यांचं वजन जवळजवळ पाव हिस्सा उतरलं. नाडी मंदावून मिनिटाला पस्तीस-चाळीसवर आली. स्वस्थ पडल्यावर शरीर जी ऊर्जा खर्च करतं ती सुमारे चाळीस टक्क्यांनी घटली. पाय सुजले, केस गळाले, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली. एरवी हसतीखेळती असलेली मुलं एकलकोंडी झाली, ताटं चाटू लागली, स्वयंपाकाची पुस्तकं कादंबऱ्यांसारखी वाचू लागली. नंतर अन्न वाढवलं तरी कित्येक महिने त्यांची भूक शमेना. गेलेल्या वजनापैकी चरबी आधी परत आली, स्नायू मागाहून. हे सगळं १९५० साली 'द बायॉलॉजी ऑफ ह्यूमन स्टार्व्हेशन' ह्या दोन खंडी ग्रंथात छापलं गेलं.

थंडीचं वाचलं तेव्हा मला आजी आठवली. बहात्तरच्या दुष्काळात ती पारनेर तालुक्यात नालाबंडिंगच्या कामावर होती. तेव्हाची लाल मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी ह्यांच्या गोष्टी तिने आम्हा नातवंडांना इतक्या वेळा सांगितल्या, की आमच्यासाठी त्या विनोदी झाल्या होत्या. पण एक वाक्य ती हसून सांगत नसे: "पोटात नसलं की उन्हातबी गार वाटतं." कीजला जे कळायला चोवीस आठवडे लागले ते नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही म्हातारीला माहीत होतं.

आता तिसरा आकडा: १२००. वजन कमी करायचं म्हणून मोबाइलवर कुठलंही अॅप उघडा, ओळखीच्या कुणाचा डाएट चार्ट बघा, हा आकडा कुठेतरी भेटतोच. त्याचा उगम शोधत गेलं की १९१८ साली पोहोचतो. त्या वर्षी लुलू हंट पीटर्स ह्या अमेरिकी डॉक्टरबाईंचं 'डाएट अँड हेल्थ' निघालं. कॅलरी मोजून वजन उतरवा हे सामान्य वाचकाला शिकवणारं ते पहिलं गाजलेलं पुस्तक, आणि त्यात बारीक होण्यासाठी १२०० कॅलरींचा सल्ला होता. त्याच १९१८ साली मुंबई इलाख्यात पाऊस बुडाला होता आणि इन्फ्लुएंझाने घरंच्या घरं रिकामी होत होती.

१२०० हा आकडा टेंपलच्या पौंडापेक्षा आणि मिनेसोटाच्या ताटापेक्षाही लहान आहे. इथे घाईने निष्कर्ष काढू नये. दुष्काळातला मजूर आणि कमरेभोवती वीस किलो चरबी बाळगणारा माझ्यासारखा खुर्चीतला माणूस ह्यांची बरोबरी होत नाही. साठा असलेलं शरीर जास्त काळ तग धरतं. बुटक्या, बैठं काम करणाऱ्या बाईची गरजही ३४७० नसते. मधुमेहासारख्या आजारात तर ८०० कॅलरींच्या खालचा आहारही काही आठवडे देतात, पण तो डॉक्टरच्या देखरेखीखाली, रक्त तपासत. फरक देखरेखीचा आहे, आणि तो किती मोठा आहे हेही इतिहासातच दिसतं. १९७६-७७मध्ये अमेरिकेत फक्त द्रवरूप प्रोटीन पिऊन झटपट बारीक होण्याची लाट आली. त्यात सुमारे साठ मृत्यू नोंदले गेले. त्यांतल्या बऱ्याच जणांचं हृदय वजन भराभर उतरत असताना अचानक ताल चुकून थांबलं होतं.

झटपट उतरलेल्या वजनात असतं काय? पहिल्या आठवड्यात बरंचसं पाणी. शरीराने साठवलेल्या ग्लायकोजेनबरोबर त्याच्या तिप्पट वजनाचं पाणी बांधलेलं असतं. साठा संपला की तेही जातं आणि काटा खूष करतो. मग चरबी जाते, पण सोबत स्नायूही जातात. पित्ताशय पुरेसं रिकामं होत नाही आणि खडे धरतात. पोटॅशियमसारखे क्षार बिघडले की हृदयाची लय बिघडते. फार दिवस उपाशी राहिलेल्याने एकदम भरपूर खाल्लं तर रक्तातलं फॉस्फेट घसरून जीवही जाऊ शकतो. महायुद्धाच्या अखेरीला सुटलेले कित्येक कैदी असे जेवणानंतर गेले.

त्यातला स्नायूंचा मुद्दा आपल्यासाठी जास्त गंभीर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन ह्यांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन ह्यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपण काट्यावर सडपातळ आणि आतून चरबीदार असतो. ज्याच्याकडे स्नायूंची शिल्लक मुळातच कमी, त्याने ती उपासमारीत खर्च करणं म्हणजे बियाणं दळून खाणं.

माझ्या एका मावसबहिणीचं लग्न ठरलं तेव्हा तिला चार महिन्यांत पंधरा किलो उतरवायचं होतं. दिवसाला हजार कॅलरी आणि सकाळ-संध्याकाळ जिम. दुसऱ्या महिन्यात केस गळायला लागले, तिसऱ्या महिन्यात पाळी थांबली. भर मे महिन्यात ती स्वेटर घालून बसायची. रात्री झोप लागेना म्हणून पाककृतींचे व्हिडिओ बघत पडायची. वजन उतरायचं थांबलं तेव्हा तिने आणखी दोनशे कॅलरी कापल्या. आणि एका रात्री लाडवांचा डबा संपवल्यावर ती रडत म्हणाली, "माझ्यात विलपॉवरच नाही रे."

तिला मी तेव्हा काय सांगणार होतो? मिनेसोटातली छत्तीसच्या छत्तीस मुलं निवडून घेतलेली, तत्त्वासाठी देशाचा रोष पत्करलेली होती. मनोनिग्रह कमी असलेली माणसं ती नव्हेत. त्यांनाही तेच झालं. थंडी, पाककृती, रात्रीची झडप, थांबलेलं वजन. हे सगळं शरीराने खर्चाला लावलेली कात्री आहे. टेंपलच्या कारकुनांनी हीच लक्षणं मजुरांच्या खाती आळस म्हणून मांडली. आज बाहेरचा कारकून लागत नाही, आपणच आपल्या वहीत 'विलपॉवर नाही' असं लिहितो आणि मजुरी कापतो.

राष्ट्रीय पोषण संस्था आठवड्याला अर्धा किलो एवढीच घट सुरक्षित मानते. वर्षभरात पंचवीस किलो होतात ते, पण लग्नाची तारीख तेवढं थांबत नाही, आणि अॅपही त्या वेगाची जाहिरात करत नाही. ज्याला वजन उतरवायचं आहे त्याने जरूर उतरवावं. फक्त काट्याच्या शेजारी आणखी एक वही ठेवावी. थंडी वाजते का, पाळी वेळेवर आहे का, जिना चढताना पाय भरून येतात का, दिवसभर डोक्यात जेवणच आहे का. ह्यांतली दोन-तीन उत्तरं हो यायला लागली तर आकडा चुकलेला आहे असं समजावं, माणूस नव्हे. डॉ. कॉर्निशने दीडशे वर्षांपूर्वी टेंपलला पत्रांमागून पत्रं लिहून हेच सांगितलं होतं, की हिशोब तपासायचा तर मजुराच्या अंगाकडे बघा.