फलकावरील अस्मिता : बंगळुरातील मराठ्यांची मिलिटरी हॉटेले

बंगळुरातील खाद्यव्यवसायाचा इतिहास दुकानांवरील फलकांवरूनही वाचता येतो. उडुपीकडून आलेल्या मय्या बंधूंनी 1924 साली काढलेल्या उपाहारगृहाचे नाव ‘ब्राह्मिन कॉफी क्लब’ होते. तेच पुढे मावळ्ळी टिफिन रूम्स झाले. 1965 मध्ये शंकरपुरम् भागात निघालेल्या ‘ब्राह्मिन्स कॉफी बार’नेही तोच शब्द वापरला. हे फलक पदार्थाआधी स्वयंपाक्याची जात सांगत. त्यांच्या नेमक्या विरुद्ध टोकाला ‘मिलिटरी हॉटेल’ ही संज्ञा रूढ झाली. (कन्नडमध्येही मराठीप्रमाणेच ‘हॉटेल’ म्हणजे प्रथम खाण्याची जागा.) 1809 मध्ये वसलेल्या इंग्रजी लष्करी छावणीशी या संज्ञेचा संबंध अनेक जण जोडतात. व्युत्पत्ती काहीही असो, ग्राहकाला तिचा अर्थ एकच : येथे सामिष भोजन मिळते.

या व्यवसायात मराठा कुटुंबांनी स्वतःचे स्थान निर्माण केले. कॉटनपेठेतील एस. जी. राव यांचे मिलिटरी हॉटेल 1908 सालचे. आज जयनगरात असलेल्या ‘शिवाजी मिलिटरी हॉटेल’ची परंपरा 1930 च्या दशकापर्यंत मागे जाते. यातील ‘राव’ हा शब्द विचार करण्याजोगा आहे. कर्नाटकातील मराठ्यांनी कुळाच्या आडनावाऐवजी तो सर्रास लावला. पण देशस्थ, माध्व, उडुपीकर ब्राह्मणही तोच लावतात. म्हणजे एकट्या ‘राव’मुळे शाकाहाराचा समज होण्याची शक्यता, आणि एकट्या ‘मिलिटरी’ने मालक कोण हे कळत नाही. दोन्ही शब्द शेजारी आले की हिंदू, ब्राह्मणेतर, मांसाहारी असे नेमके स्थान ठरते. ब्राह्मणी उपाहारगृहे आणि छावणीतील मुसलमानी बिर्याणी यांच्यामधली जागा भांडवलाने नव्हे, या दुहेरी खुणेने मिळवली, असे म्हणण्यास आधार आहे.

‘शिवाजी’ या नावाने तिला इतिहास दिला. 1638 नंतर बंगळूर शहाजीराजांची जहागीर होते. त्यांच्या आश्रयाला असलेल्या जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचंपू’ राजवाड्यांनी 1922 साली संपादून प्रसिद्ध केला. संस्कृतसोबत अनेक देशभाषांतील रचना सामावणारा हा ग्रंथ त्या दरबाराच्या बहुभाषिकतेची साक्ष देतो. 1687 मध्ये शहर मुघलांनी घेतले व नंतर ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले. शहरातील प्रत्येक मराठा कुटुंबाचा वंश शहाजीकाळाशी जोडणे अर्थातच धाडसाचे आहे. फलकाला मात्र वंशावळीची गरज नव्हती, स्मृती पुरेशी होती. ती स्मृतीही मराठी लिपीतून नव्हे, कन्नड आणि इंग्रजी अक्षरांतून व्यक्त झाली.

ताटातही हेच दिसते. या हॉटेलांची ओळख ठरलेली ‘दोन्ने बिर्याणी’ पानांच्या द्रोणात मिळते. ‘दोन्ने’ आणि ‘द्रोण’ एकाच कुळातले शब्द. आखूड दाण्याचा जिरगे सांबा तांदूळ आणि पुदिना, कोथिंबीर, हिरवी मिरची यांचे वाटण यांमुळे ती बासमतीच्या बिर्याणीहून वेगळी पडते. शेजारी कन्नड मुलखाचा नाचणीचा मुद्देही असतो. त्यामुळे हिला ‘शुद्ध मराठी’ पाककृती म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

अलीकडे ही बिर्याणी साऱ्या बंगळुराची मानली जाऊ लागली आहे. तिच्या नावाने निघालेल्या अनेक नव्या दुकानांच्या फलकांवर ‘दोन्ने’ ठळक असते; ‘राव’ नसतो, ‘मिलिटरी’ही नसते. जुन्या हॉटेलांना आता आपले वेगळेपण सांगण्यासाठी स्थापनेचे साल पुढे करावे लागते.